पाण्याची सून

लोणी देवकरच्या आबाजीला तीन मुलींवर चौथी झाली. सुईणीनं बाहेर येऊन सांगितलं, तसा तो बैलांना वैरण टाकायला उठून गेला. पोरीचं नाव नकोशी ठेवलं. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो म्हणतात. ते नाव पोरीला जन्मभर ऐकायचं असतं, याचा विचार करायला कुणाला सवड नसते. पुढच्या खेपेला मुलगा झाला. नावानं काम केलं असं घरानं मानलं, आणि मोठी झाल्यावर नकोशीनंही मानलं. आपल्या असण्यानं दुसऱ्याचं बरंवाईट होतं, ही समजूत तिच्यात अशी लहानपणीच मुरली. पुढे तिचं जे झालं ते या समजुतीपायी झालं, म्हणून आधीच सांगून टाकते.

एकोणीसशे तीस साली तिचं लग्न सणसरच्या सोपानशी झालं. घर भाजीपाला करणारं. सासरा तात्याबा, सासू रंगूबाई, सोपान एकुलता. रान कालव्याच्या खालच्या अंगाला, नीरा नदीकडे उतरत गेलेलं. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली कातळ. वरच्या बाजूला भरलेला कालवा वाहताना दिसायचा, पण तात्याबानं त्याचं पाणी कधी घेतलं नाही. अर्ज करा, पाळी लावून घ्या, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या मागं हिंडा, हे त्या मानी माणसाला जमण्यातलं नव्हतं. त्यानं स्वतःची विहीर पाडली होती. तिच्यावर मेथी, वांगी, गवार आणि बांधाकडेला कागदी लिंबाची बाग. माल बारामतीच्या बाजारात जायचा. दुखणं एकच होतं. फाल्गुन लागला की विहीर तळाला जायची, मोट गाळ घेऊन वर यायची, आणि उन्हाळाभर लिंबं जगवता जगवता माणसं आणि बैल दोन्ही वाळून जायचे.

नकोशी आली त्या उन्हाळ्यात विहीर आटली नाही.

कारण साधं होतं. वरच्या बागाईतदारांनी त्या साली पहिल्यांदा एवढा ऊस लावला होता, आणि उसाला हवं त्याच्या दुप्पट पाणी देत सुटले होते. उसानं पिऊन उरलेलं पाणी, आणि मातीच्या कच्च्या कालव्यातून आपोआप झिरपलेलं पाणी, काळ्या मातीतून मुरमात उतरलं, कातळाशी अडलं, आणि उतार धरून तात्याबाच्या विहिरीत आलं. ज्या कालव्यापुढं त्यानं हात पसरला नव्हता, तोच जमिनीखालून त्याच्या घरात शिरला. पण ते कुणाला दिसत नव्हतं. सून दिसत होती.

पायगुण हा शब्द पहिल्यांदा रंगूबाईनंच काढला. बाई तोंडाची फटकळ, पण त्या दिवसांत सुनेला शब्दानं दुखवलं नाही. पुढच्या साली पाणी आणखी वर आलं. मोटेचा नाडा लांब पडायला लागला, तेव्हा तात्याबानं तो कापून आखूड केला. त्याच्या पुढच्या साली परत कापला. कापलेले तुकडे टाकून न देता त्यानं गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवले, आणि आल्यागेल्याला तो ते दाखवायचा. पूर्वी विहीर किती खोल गेली होती आणि आता किती वर आली, हे त्या तुकड्यांवरून कुणालाही कळायचं.

अशा सुनेला नकोशी म्हणून हाक मारायची तर रंगूबाईची जीभ अडखळायला लागली. एका सणाला तिनं परातीत तांदूळ पसरले, सोपानला बोलावलं आणि त्यावर नवीन नाव लिहवून घेतलं. भागिरथी. तेवढ्यापुरतं सोपानला अक्षर येत होतं. त्यानं लिहिलं, बायकोकडे बघितलं आणि हसून म्हणाला, "भागू म्हनंन मी. एवढं मोठं नाव मळ्यात हाक मारूस्तवर मोट रिकामी व्हायची."

ती हसली नाही. तांदळाकडे बघत बसली. तिला वाचता येत नव्हतं, पण त्या खुणा आपल्या आहेत आणि त्या पुसायच्या वेळी आपल्याला त्रास होणार आहे, एवढं तिला कळलं. तांदूळ तिनं वेगळ्या गाडग्यात भरून ठेवले, शिजवले नाहीत.

मग तिला बोलावणी यायला लागली. कुणी नवी विहीर पाडणार असेल, तर पहिली कुदळ मारायच्या आधी भागिरथीनं तिथं उभं राहायचं, नारळ वाढवायचा, ओटी भरायची. लोक तिला पाण्याची सून म्हणायला लागले. पार कोऱ्हाळे बुद्रुकपर्यंत गाडीनं नेली. कालव्याच्या खालच्या अंगाला जिथं जिथं ती उभी राहिली तिथं पाणी लागलं, आणि त्याचा गावभर बोभाटा झाला. वरच्या अंगाला, माळावर नेलं, तिथं नुसता खडक लागला. तिथली माणसं गप्प राहिली, कारण पैसा घालवलेला माणूस चारचौघांत बोलत नाही. खालचं आणि वरचं असा फरक करून बघायचं कुणाच्याही डोक्यात आलं नाही. शहाण्यासुरत्या म्हाताऱ्या तिच्या पाया पडल्या. लग्नाला चार वर्षं होऊन तिची कूस उजवली नव्हती, तरी रंगूबाईनं त्याचा उच्चार केला नाही. एवढं पाणी आणणाऱ्या सुनेकडे आणखी काय मागायचं?

जगात आपण कुणाला तरी हवे आहोत, हे तिला त्या काळात पहिल्यांदा आणि एकदाच वाटलं.

बिघडलं ते चुलीवर. तुरीची डाळ शिजेना. दोन लाकडं जास्त लावली, रात्री भिजत घातली, तरी दाणा दाणा वेगळा. मग तिनं विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. मचूळ लागलं. फार नाही, जिभेच्या कडेला नुसतं.

जमिनीत मीठ असतंच. पाणी खोल होतं तोवर मीठही खोल होतं. पाणी चढत आलं, येताना मातीतले क्षार विरघळवून घेऊन आलं. ते वरच्या मातीला भिडलं की ऊन त्यातलं पाणी उडवतं आणि क्षार जागच्या जागी ठेवतं. यात कुणाचा पाय नाही आणि कुणाचा गुणही नाही. पण भागूला हे कोण सांगणार? तिला वाटलं, आपलं पाणी नासलं. माणसाचं मन फिरतं तसं आपल्याच आत काहीतरी फिरलं, आणि ते विहिरीत उतरलं.

तिनं ते लपवलं. उजाडायच्या आधी घागर घेऊन वर कालव्यावर जायची, तिथलं पाणी आणून रांजणात भरायची. स्वयंपाकाला ते, प्यायला ते, मळ्यात न्यायच्या कळशीतही ते. घरात कुणाला मचूळ घोट लागला नाही. आपल्या विहिरीचं म्हणून घर कालव्याचं पाणी पीत राहिलं आणि डाळ शिजत राहिली. सोपाननं एकदा विचारलं, इतक्या अंधाराची कुठं जातेस. ती म्हणाली, विहिरीवर गर्दी नको म्हणून. आपल्याच मळ्यातल्या विहिरीवर कसली गर्दी असणार? पण त्यानं पुढं विचारलं नाही. बायकोवर विश्वास टाकणारा माणूस होता.

तिकडे लिंबं पिवळी पडायला लागली. शेंडे वाळले. तात्याबानं उभा जन्म दुष्काळी रानात काढलेला. झाड पिवळं पडलं म्हणजे तहानलं, याच्यापलीकडे दुसरं काही असू शकतं हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. त्यानं मोट दुप्पट चालवली. मुळं आधीच बुडालेली, त्यावर आणखी मचूळ पाणी. झाडं उभ्या उभ्या गेली. त्या हिवाळ्यात एका सकाळी सोपान मेथीच्या वाफ्याकडे गेला, तर वाफ्यावर पांढरं पडलेलं. त्याला वाटलं दहिवर असेल. ऊन वर आलं तरी ते गेलं नाही. बोटाला लावून त्यानं जिभेवर ठेवलं आणि तिथंच खाली बसला.

खार फुटला होता.

मग सगळंच बाहेर आलं. रंगूबाईनं सुनेला कालव्यावर गाठलं, भरलेली घागर डोक्यावर असताना. तात्याबा म्हणाला, तू वेळेत सांगितलं असतंस तर मी मोट थांबवली असती. तेवढं मात्र त्याचं खरं होतं. गोठ्यात जाऊन आढ्याला टांगलेले नाड्याचे तुकडे त्यानं काढले आणि चुलीत घातले. रंगूबाईनं तोंडाला येईल ते ऐकवलं, वांझपणसुद्धा, आणि शेवटी हाक मारली ती नकोशी म्हणून. त्या दिवसापासून ते नाव परत आलं. ज्यांच्या विहिरींवर ती नारळ वाढवून आली होती, त्यांच्याही रानात पांढरं दिसायला लागलं. तिथल्या बायका तिला बघून पदर आवरून घ्यायच्या आणि वाट बदलायच्या.

एकटा सोपान तिला भागू म्हणत राहिला.

तोच तिला गाडीत घालून लोणीला घेऊन गेला, पण नेण्याचा हट्ट तिचा. मी निघून जाते, पाणी उतरतंय का बघा, असं ती त्याला रोज सांगायची. तो म्हणाला, पाण्याला काय कळतं तू हाईस का न्हाईस. पण घरात आईचं तोंड थांबत नव्हतं, म्हणून त्याला वाटलं महिना-दोन महिने माहेरी राहील, तेवढंच बरं.

आबाजीनं लेकीला दारात बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा. लोणीच्या कोरड्या रानात त्याची विहीर उन्हाळाभर खडखडीत असायची, आणि लेकीची ख्याती त्याच्या कानावर आली होती. खारट तर खारट, गुरं तरी पितील, असा त्याचा हिशेब. त्यानं तिला त्या विहिरीच्या काठावर नेऊन बसवली. ती रोज जाऊन बसायची. मनातून तीही पाण्याची वाट बघत होती. तिथं वर कालवा नव्हता, ऊस नव्हता, झिरपायला थेंब नव्हता. पाणी येणार कुठून? पावसाळा कोरडा गेला आणि आबाजीचं तोंड पुन्हा जुन्यासारखं झालं. भाऊ उघडच म्हणाला, सासरी खार आन् हितं खडक.

ती बारामतीला आली. कालव्यावरचे ओव्हरसियर चिंतामणराव, त्यांच्या घरी भांड्याधुण्याला राहिली. त्यांची बायको सरोजिनीबाई पुण्याला कॉलेजात दोन वर्षं शिकलेली, चटपटीत, मनानं चांगली, आणि आपल्याला कळतं ते दुसऱ्याला कळायलाच पाहिजे अशा समजुतीची. नकोशीचं काम त्यांना पसंत होतं. एकच गोष्ट खटकायची. ही बाई विहिरीवर जायची नाही. भांडी घासेल, धुणं धुवेल, अंगण सारवेल, पण मागच्या अंगणातल्या विहिरीवरून कळशीभर पाणी आण म्हटलं की हात पदराला पुसत उभी राहायची. शेजारच्या गड्याकडून पाणी भरून घ्यावं लागायचं. सरोजिनीबाई चिडायच्या.

त्या साली सणसरच्या वरच्या अंगाला सरकारी खात्यानं उताराला आडवा खोल चर खणला, जमिनीतलं साचलेलं पाणी ओढ्याला काढून द्यायला. उसाच्या पाण्यालाही आळा घातला. सोपान त्या चरावर मजुरीला होता. चराच्या वरच्या भिंतीतून मुरमाच्या फटींतून पाणी कपाळावरच्या घामासारखं फुटताना त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. पाणी कुठून येत होतं हे त्याला तिथं उभ्या उभ्या कळलं. विहीर हळूहळू उतरली. पावसानं वाफ्यांवरचा खार थोडा धुऊन नेला. एका तुकड्यात मेथी उगवली.

रंगूबाईनं गावभर सांगितलं, बघा, तिचा पाय निघाला आणि पाणी उतरलं. आणि पोराला दुसरी बायको बघायला लागली.

सोपान बाजारच्या दिवशी सरोजिनीबाईंच्या दारात आला. नकोशी भांडी घासत होती. तो दारापाशीच उकिडवा बसला आणि घरी चल म्हणाला. आई बोलेल तर बोलू दे, वेगळं राहू, पण चल. ती राखेचे हात तसेच ठेवून म्हणाली, मी आले की परत चढेल. तो उठला. जाताना म्हणाला, पुढच्या बाजाराला येतो.

सरोजिनीबाईंनी आतून सगळं ऐकलं होतं. त्यांना राग आला, नवऱ्याचा नाही, सासूचा नाही, त्या अडाणी समजुतीचा. त्यांनी नकोशीला स्वयंपाकघरात बोलावलं आणि पाण्याच्या माठासमोर बसवलं. माठ जुना होता, बाहेरून त्याच्या पोटावर पांढरा थर आलेला.

हा थर बाहेरून कुणी लावला का, त्यांनी विचारलं. नाही. आतलं पाणी मातीतून पाझरतं, वाऱ्यानं उडून जातं, आणि त्यातलं मीठ माठाच्या अंगावर राहतं. तुझ्या सासऱ्याचं रान म्हणजे हा माठ. वर कालवा, वर ऊस, मध्ये उतार, खाली कातळ. त्यांनी चुलीतला कोळसा घेऊन फरशीवर सगळं काढून दाखवलं. रेघ ओढत पाणी कसं उतरलं, कुठं अडलं, कुठून चढलं. चर कुठं खणला आणि त्यानं पाणी कसं अडवलं तेही. कमालीचं सोपं करून सांगितलं. याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

नकोशीला सगळं कळलं. ती मठ्ठ नव्हतीच. तिनं कोळशाच्या रेघेवर बोट ठेवलं आणि विचारलं,

"म्हंजी खार माझ्यापायी न्हाय."

"मुळीच नाही."

"आन् त्याच्या आदी गोड पाणी आलं, ते?"

"तेही कालव्याचंच. तोच उतार, तोच ऊस. तुझं काय त्यात?"

सरोजिनीबाईंना वाटलं आता हिचा चेहरा मोकळा होईल. नकोशी फरशीकडे बघत बसली. मग पदराच्या टोकानं तिनं कोळशाची रेघ पुसली, शांतपणे, फरशी साफ करायची म्हणून पुसावी तशी, आणि म्हणाली,

"असं कसं म्हनता, बाईसाब. गाव माझ्या पाया पडलंय."

त्या दिवशी तिनं भांडी नेहमीपेक्षा लख्ख घासली.

पुढच्या बाजाराला सोपान आला तेव्हा त्याच्या हातात मेथीची जुडी होती, त्याच वाफ्यातली. सरोजिनीबाईंनी त्याला आधीच गाठून सांगितलं होतं की हिची समजूत काढ, तुझं ऐकेल. त्यांनी सांगायची गरज नव्हती. त्याला ते चरात उभं राहून कळलेलंच होतं. त्यानं जुडी तिच्यासमोर ठेवली.

"चाख," तो म्हणाला.

तिनं एक पान तोडून दातांखाली धरलं. मेथी कडूच असते, पण त्या कडूपणात मचूळ काही नव्हतं.

"गोड झालंय रान," ती म्हणाली.

"व्हय. म्हून तर म्हनतो, चल. भागू, मी बगितलंय माझ्या डोळ्यांनी. समदं कालव्याचं हाय. वरनं येतं, खाली उतरतं. तुजा त्यात कायबी संबंद न्हाय. पैल्यापासनं न्हवता."

सोपानच्या जिभेवर याहून माया असलेलं दुसरं वाक्य नव्हतं. आठवडाभर त्यानं ते मनात घोळवलं असणार. बायकोच्या माथ्यावरचा सगळा दोष त्यानं एका दमात उतरवून ठेवला, आणि आता ती उठेल म्हणून तो बघत राहिला.

ती उठली नाही. तिच्यासमोर दोन वाटा होत्या आणि तिला दोन्ही दिसत होत्या. त्याचं मानलं तर ती निर्दोष होती. घर होतं, नवरा होता, मेथीचा हिरवा तुकडा होता. पण मग तांदळातलं ते नाव खोटं, नारळ खोटे, पाया पडलेल्या म्हाताऱ्या खोट्या. मग ती जन्मली तेव्हा होती तेवढीच होती, बाप उठून वैरण टाकायला गेला तेवढी. न मानलं तर ती खार आणणारी होती. पण काहीतरी आणणारी होती.

"संबंद हाय," ती म्हणाली. "माझ्यामागनंच येतं ते. तुमी जावा. रान जपा."

"भागू."

"गोड हाय तंवर जावा."

तो गेला. नंतरही काही बाजार तो दारावरून गेला, मग थांबला. वर्षभरानं कुणीतरी सांगितलं की सोपाननं दुसरं लग्न केलं, आणि नवी सून आली त्या साली लिंबाची रोपं परत लावली. नकोशीनं ऐकून घेतलं. तिनं विचारलं एवढंच की विहिरीचं पाणी कसं आहे. चांगलं आहे म्हणाले. तिनं मान डोलावली, जशी काही ती राखण तिच्याकडे दिलेली होती.

मेथीची ती जुडी, सोपान निघून गेला त्या दिवशी, तशीच दारात पडून होती. सरोजिनीबाई बाहेर आल्या तेव्हा नकोशी जुडीकडे पाठ करून परात घासत होती. बाईंच्या मनात बोलायचं खूप होतं. इतकं समजावून सांगितलेलं वाया गेलं याचा संतापही होता. मग त्यांनी कोपऱ्यातली रिकामी कळशी उचलली, पदर खोचला आणि स्वतः विहिरीवर गेल्या. भरून आणलेली कळशी त्यांनी तिच्या हाताजवळ ठेवली. त्यानंतर त्या घरात तिला पाणी आणायला कुणी सांगितलं नाही.